भट्टीची राख

यवतमाळात पांढरकवड्याच्या रस्त्याला, गॅरेजांच्या मागे, हुस्नाबीचे पालकाचे वाफे होते. नाल्याकाठचे बाकीचे भाजीवाले नाल्याचेच पाणी द्यायचे. हुस्नाबीने ते कधी दिले नाही. विहिरीचे पाणी ओढता ओढता खांदे उतरले, पण तिच्या पालकाला नालीचा वास येतो असे म्हणायची कोणाची छाती नव्हती. आयुष्यात एवढा एकच दिमाख तिने मिरवला.

तिचा नवरा अब्दुल गनी जुन्या बॅटऱ्या फोडायचा, आतले शिसे कढईत वितळवायचा. शिसे ओतून घेतले की खाली राख उरायची, करडी, पिठासारखी मऊ. पानांवर मावा, ती बारीक चिकट कीड, पडला की बाया चुलीची राख धुरळतात. हुस्नाबीच्या घरी गॅस आला आणि चुलीची राख संपली, तेव्हा तिने भट्टीची नेली. मावा पार झडून गेला. मग दर हिवाळ्यात, दव वाळायच्या आत, ती चाळणी हलवत वाफ्यांवरून फिरायची. हात आपसूक चालायचा, पीठ चाळणाऱ्या बाईचा चालतो तसा.

काल नाहिद आली. शेजारची पोर, शेतकी कॉलेजात शिकणारी. अभ्यासासाठी तिने नाल्याकाठची सगळी भाजी तपासायला नेली होती. ओट्यावर बसली, पाणी प्याली, आणि मान खाली घालूनच बोलली, "खाला, सीसा सबसे ज्यादा आपके पालक में निकला."

"मेरे? मैंने तो नाले का पानी कभी..."

"पानी नहीं, खाला. भट्टी की राख. मिट्टी में उतर गई. अब धोने से नहीं जाता."

बाजेवर अब्दुल गनी अलीकडे सतत थरथरणारा हात मांडीखाली दाबून बसला होता. "लेकिन मावा तो मरता था ना?" तो म्हणाला.

"मरता था," हुस्नाबी म्हणाली. "हमसे पहले समझ गया वो."

सकाळी पलीकडच्या कॉलनीतल्या विमलताई आल्या, रोजच्यासारख्या, हातात घडी केलेली पिशवी.

"दोन जुड्या दे वं हुस्नाबी. आमची सुरभी दुसऱ्याचा पालक तोंडात घेत नाही. नात नाही, सासू हाय माही!"

"आज नाही, ताई."

"काहून? समोर त उभा हाय. हॉटेलवाल्याले देऊन राह्यली काय सगळा?"

हो म्हटले असते तर ताई हसत गेल्या असत्या. हुस्नाबीच्या ओठांवर ते आलेही. पण सुरभीचे नाव कानातून जाईना.

"ताई, याच्यात शिसं हाय. माह्याच हातानं गेलं, राखेतून. पोरीचं रक्त तपासून घ्या."

विमलताईंनी पिशवीची घडी मोडली, पुन्हा घातली. "तिले पहिला घास तुह्याच पालकाचा भरवलता मी," त्या हळूच म्हणाल्या, आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

मग हुस्नाबीने सगळे वाफे मुळासकट उपटले. ढीग लागला, हिरवागार, नजर ठरणार नाही असा. नाल्यात टाकावा तर खालच्या वस्तीकडे जाणार. जाळावा तर धूर घराघरात शिरणार. तोवर बकऱ्या वासावर आल्याच.

"चाची, खाने दो ना उनको!" गॅरेजातून जमीर ओरडला. "उखाडे हुए पालक की कायको रखवाली?"

त्याला सांगायचे त्राण तिच्यात नव्हते. ऊन चढत होते, पाने माना टाकत होती. हुस्नाबी ढिगाशी काठी घेऊन बसली.

"हाड्," ती म्हणायची. बकऱ्या चार पावले मागे सरायच्या, आणि परत यायच्या.