नऊ फुटांचा घोळ

नागुबाई सोनकांबळेनं तीस-बत्तीस वर्षांत किती कपडे शिवले असतील याची मोजदाद नाही, पण त्यातला एकही जमिनीला लागला नव्हता. किनवटला असताना ती आश्रमशाळेच्या पोरींचे गणवेश शिवायची. पोरी वाढत्या अंगाच्या, म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवायची आणि कापड घोट्याच्या वर थांबवायचं, एवढं तिचं शास्त्र. खाली लोळलं की कापड मळतं, पायात येतं, फाटतं. नवरा केरबा रेल्वेत गँगमन होता. तो निवृत्त झाल्यावर दोघं नांदेडला तरोडा नाक्याजवळ राहायला आले आणि पुढच्या खोलीत तिनं शिलाई मशीन मांडली.

यंदा मार्चमध्ये तिच्या भावाची पोरगी बुद्धप्रिया आली. ही पुण्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. लग्न मे महिन्यात लातूरला ठरलेलं. चहा संपायच्या आत तिनं सांगून टाकलं, "आत्या, लग्नात मी पांढरा गाऊन घालणार. तो तूच शिवायचा. फक्त त्याला ट्रेन पाहिजे."

"कोणती ट्रेन?" केरबानं आतून विचारलं. त्याची सगळी नोकरी रुळावर गेलेली.

बुद्धप्रियानं मोबाइल पुढं केला. परदेशातल्या कुठल्या राजघराण्यातली नवरी पायऱ्या चढत होती आणि तिच्यामागं पांढरं कापड पायऱ्यापायऱ्यांवरून खाली ओघळत आलेलं. दुसऱ्या फोटोत दुसरी नवरी. तिचं कापड तर सहा बायांनी धरलेलं.

"हा मागचा घोळ म्हणजे ट्रेन," बुद्धप्रिया म्हणाली. "जितकं मोठं घराणं तितका लांब. मला नऊ फूट पुरे."

नागुबाईनं फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. "आन् हे चालताना कुठं धरायचं?"

"धरायचं नाही. लोळू द्यायचं."

"लोळू द्यायचं," नागुबाईनं नुसतं म्हणून पाहिलं. आपल्या बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते, म्हणजे रंगाचा सवाल नव्हता. पण लांब कापड म्हणजे मोठेपण, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. तिनं माप घेतलं आणि पोरीला "हाव, शिवते" म्हणून वाटेला लावलं.

पुढचे पंधरा दिवस तिला काही सुधरलं नाही. घोळ कमरेपासून काढायचा की खांद्यापासून? खालून अस्तर लावलं तर जड होतं, न लावलं तर गोळा होतं. घोळाचं साटीन कापायच्या आधी तिनं जुन्या पलंगपोसावर तीनदा बेतून पाहिलं, तीनदा उसवलं. शेवटी एक दिवस सकाळी केरबाला गच्चीवर नेलं, पलंगपोस त्याच्या कमरेला टाचला आणि म्हणाली, "चाला जरा. मला मागून बघायचंय."

"लोक काय म्हणतील?"

"गच्चीवर कोण येऊन राहिलं? चाला."

आदल्या दिवशी वावटळ येऊन गेलेली, गच्चीवर धुळीचा थर होता. केरबा गंभीरपणे चालू लागला. नागुबाई पाठीमागं उकिडवी बसून कापडाचा ओढा बघत होती. उजवीकडं कापड जास्त जात होतं, म्हणजे घेराची कळी तिरपी कापली गेली. हे ध्यानात ठेवेपर्यंत तिला दुसरंच दिसलं. केरबाच्या अनवाणी पायांचे ठसे धुळीत उमटत होते आणि मागून येणारं कापड ते पुसत चाललं होतं. तो पार कठड्यापर्यंत गेला. मागं एकही पाऊल उरलं नाही.

तिची आजी चतुराबाई एक गोष्ट सांगायची. आजीनंही ती ऐकलेलीच. कुठल्याशा काळी आपल्या माणसांना कमरेला मागं फांदी बांधून चालावं लागे, पावलं पुसली जावीत म्हणून. त्या पावलांवर वरच्या जातीच्या कुणाचा पाय पडून त्याला विटाळ होऊ नये.

"काय झालं?" केरबा कठड्याजवळून म्हणाला. "वळू का?"

"काही न्हाई. काढा ते."

चार दिवस तिनं मशीनवरचं फडकं काढलं नाही. राजाच्या पोरी हौसेनं जे बांधतात आणि आपल्या म्हाताऱ्यांना ज्याची सक्ती होती, ते दोन्ही एकाच वाटेनं कसं चालतं? का आपणच उगीच कशाचं काही जोडतोय? केरबाला विचारलं तर तो म्हणाला, "मी तर पलंगपोस घालून चाललो. मला काय माहीत." भावाला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा तब्येत विचारून ठेवला.

पाचव्या दिवशी तिनं अर्धवट गाऊन पिशवीत भरला आणि लातूरची एसटी धरली.

तिचा भाऊ धम्मदीप, बुद्धप्रियाचा बाप, लातूरला शाळेत मास्तर. रविवार असल्यानं घरीच होता, बुद्धप्रियाही सुट्टी काढून आलेली. नागुबाईनं दोघांना समोर बसवलं आणि गच्चीवरचं सगळं सांगितलं.

बुद्धप्रियानं मांडीवरचं साटीन चाचपलं. "हे मी शाळेत असताना वाचलंय, आत्या," ती म्हणाली. "भाषणातही सांगितलंय. पण फोटो बघताना एकदाही मनात आलं नाही." आणि लगेच, "मग घोळ नको का लावू?"

"मला समजंना म्हणून तर आले मी. तू मलाच विचारून राहिली."

दोघींनी धम्मदीपकडं पाहिलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाबासाहेबांनी महाडला बायांना सांगितलं, लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसा. पण घोट्याच्या पुढं किती, त्याबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नाही."

"तुला हसू येतंय," नागुबाई म्हणाली.

"नाही अक्का. मी खरंच आठवून पाहिलं."

बुद्धप्रिया उठली. "मला घोळ आवडतो," ती हळूच म्हणाली. "लहानपणापासून आवडतो. आता तू सांगितल्यावर थोडी भीतीही वाटते. दोन्ही आहे. काय करू?"

हात रिकामे ठेवून नागुबाईला विचार करता येत नसे. तिनं टाचण्यांची डबी उघडली. "असं कर. मी घोळ वेगळा शिवते. कमरेला हूक. वाटलं तर लावशील, वाटलं तर काढशील."

गाऊन झाला. घोळ नऊ फुटांचा, अस्तर पातळ आणि कडेला फक्त जाड पट्टी, म्हणजे गोळा होत नाही. कळ्या सरळ. कारागिरीत तिनं कुठं कसर ठेवली नाही, मन मात्र शेवटच्या टिपेपर्यंत मागंपुढं करत राहिलं.

लग्नाच्या दिवशी बुद्धप्रिया हॉलच्या दारात आली ती घोळ लावूनच. बाया खुर्च्यांवरून उठून बघू लागल्या. नवऱ्याकडच्या दोन चिमुरड्या पोरी न सांगताच धावल्या आणि त्यांनी कापडाची टोकं उचलली. नागुबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला अभिमान वाटला, गच्चीवरची धूळही आठवली, आणि उजवीकडची कड किंचित खाली आहे हेही दिसलं.

मंचावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढं मेणबत्त्या लावायच्या होत्या. बुद्धप्रिया थांबली आणि तिनं माणसांत आत्याला शोधून हात केला. नागुबाई वर गेली. "काढ, आत्या. वंदनेला बसायचंय."

सगळ्यांसमोर तिनं एकेक हूक काढला. घोळ हातात आला तेव्हा तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. जमिनीवर टाकवेना, खुर्चीवर मावेना. त्रिसरण, पंचशील, नवरा-नवरीची प्रतिज्ञा, सगळं होईपर्यंत ती नऊ फूट साटीन दोन्ही हातांवर घेऊन तिथंच उभी राहिली. फोटोवाल्यानं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. ती बाजूला झाली, पण तरी प्रत्येक फोटोत आलीच.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "हे काय हाय वं?"

"घोळ हाय," नागुबाई म्हणाली.

"कशापायी असतो?"

"मलाबी नीट न्हाई कळलं."

फुलं पडली, लोक जेवायला निघाले. धम्मदीप मंचाच्या कडेला आला आणि त्यानं कापडाचं दुसरं टोक धरलं. लहानपणी दोघं सतरंजीची घडी करत, तशी त्यांनी घडी करायला घेतली. टोकाला टोक, मग पुन्हा टोकाला टोक, दर घडीला एकमेकांजवळ येत.

"चांगला झाला, अक्का," तो म्हणाला.

"झाला का?"

"मला काय समजतंय त्यातलं. पण पोरगी खुश होती."

"हाव. खुश तर होती," नागुबाई म्हणाली, आणि घडी काखेत मारून त्याच्याबरोबर पंगतीकडं चालू लागली.