मालनबाईंचा शनिवार

मालनबाई काष्टीजवळच्या त्या गावात शाळेवर आल्या एकाहत्तर साली, आणि पहिल्याच महिन्यात गावानं ठरवून टाकलं की या बाईचं काही खरं नाही. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी त्या सातवीच्या मुलांना गोल बसवायच्या. आठवड्यात आपलं काय चुकलं आणि का चुकलं, ते ज्यानं त्यानं सांगायचं. पहिली पाळी बाईंची. आता शिकवणारीच चुकते म्हटल्यावर पोरं तिला काय भीक घालणार? पोरं मात्र शनिवारची वाट बघत.

शेतीही पुस्तकातून शिकवायची नाही, हा त्यांचा हट्ट. सरपंच काकासाहेबांच्या मागं लागून त्यांनी शाळेमागचा जमिनीचा तुकडा मिळवला आणि पेरणी मुलांवर सोडली. मुलांनी बापाचं बघून लांबीनं सरळ पेरणीची पाभर हाकली. तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, लांब धरली की बैल कमी वळवावे लागतात, हे इथलं पिढीजात शहाणपण. पण लांबी नेमकी उताराची. बाजरी वीतभर झाली आणि एका दणदणीत पावसानं तासातासातून ओहोळ काढून निम्मी वाहून नेली.

काकासाहेब तणतणत आले. तुकडा परत घेऊन भावकीतल्या भिमाजीला कडबा रचायला देणार, असं त्यांनी वाटेतच चौघांना सांगितलं होतं. तुकडा गेला की पाठोपाठ शनिवारही जाणार, हे मालनबाईंना कळत होतं. तरी त्या मध्ये बोलल्या नाहीत. मुलं ओहोळात उभी राहून पाणी कसं गेलं ते एकमेकांना दाखवत होती.

"पिकाची ही माती कुनी केली?" काकासाहेबांनी विचारलं. बाईंचंच नाव निघणार, याची त्यांना खात्री होती.

त्यांची नात चांगुणा पुढं झाली. "आमीच, आबा. वळनं वाचवाया उताराच्या अंगानं पेरलं. पानी त्याच वाटंनं पळालं. आता आडवं पेरनार हाय. बाई म्हनल्या, त्यांचं बी चुकलं, आमाला आधी उतार बघाया लावायचा हुता."

काकासाहेब आल्या पावली परत फिरले. त्यांच्या स्वतःच्या रानातली तासंही उताराच्याच अंगानं होती आणि ते साऱ्यांना ठाऊक होतं. हसायची छाती मात्र कोणाची झाली नाही.

तुकडा शाळेकडंच राहिला. पुढं मुलांनी बांध घातला, आडवी ज्वारी पेरली आणि ती चांगली पोसली. पण मालनबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला तो त्याच्या कितीतरी आधी, लगेचच्या शनिवारी. काकासाहेब पटका सावरत आले, पोरांच्या गोलात मांडी घालून बसले आणि आपली पाळी येईपर्यंत थांबले. जन्मात कोणापुढं नमतं न घेतलेला माणूस तो.

"म्या तुकडा काढून घ्याया निघालो हुतो, ते चुकलं," ते म्हणाले. "का चुकलं, ते नीट सांगता येत न्हाई अजून."

"मग इचार करा, आबा," चांगुणा म्हणाली. "फुडच्या शनिवारी सांगा."

आणि पुढच्या शनिवारी ते शाळा भरायच्या आधीच येऊन बसले होते.