मागच्या चाकाची चौथी तार

"चौथी आहे हे मलाही कळतं. मोजता येतं मला. तू तार बदल, माझ्या अंगाची मापं काढू नकोस."

"मी कुठं काय म्हणालो, सिस्टर?" दुरुस्तीवाल्यानं सायकल उलटी केली आणि मागच्या चाकाला टिचकी मारली.

"म्हणाला नाहीस, बघितलंस. वरून खाली. बाजारात म्हैस बघतात तसं."

"आता डोळे काय खिशात घालू? छत्तीस तारा आहेत चाकाला. त्या बिचाऱ्या बोलत नाहीत, पण त्यांनाही जीव आहे. दोन घास कमी करा, तारा आपोआप टिकतील."

"आणि तू जीभ कमी कर, गिऱ्हाईक टिकेल."

दुकानापुढं पंक्चर काढायला थांबलेले दोघंतिघं हसले. हसू कुणाच्या बाजूचं होतं ते त्यांनाही ठाऊक नसेल. सिस्टरनं ते आपल्याच खात्यावर धरलं. गेले दोन महिने सगळं हसू ती आपल्याच खात्यावर धरत होती.

सिस्टर म्हणजे घरोघर फिरून जखमा बांधणारी बाई. नोकरी दवाखान्याची, पण दवाखान्यात ती फक्त सकाळी हजेरीला आणि दुपारी हत्यारं उकळायला. बाकी वेळ रस्त्यावर. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, ज्यांचे पाय सुजून दुधीभोपळे झालेत, ज्यांच्या पाठीला पडून पडून भोकं पडलीत, अशांची अकरा घरं तिच्याकडं होती. बाई उंचीनं बेताची, रुंदीनं मात्र देवानं हात आखडता घेतला नव्हता. दारातून आधी तिची पिशवी यायची, मग ती, आणि मग खोलीत तिसऱ्याला जागा उरायची नाही. गल्लीतली पोरं तिला रणगाडा म्हणायची. तिला ते माहीत होतं. एकदा तिनं सायकल थांबवून त्यातल्या म्होरक्याला विचारलं होतं, "रणगाड्यापुढं उभं राहतात का रे शहाण्या?" तेव्हापासून पोरं ती लांब गेल्यावर म्हणायची.

तिची आधीची सायकल काळी, जाड नळ्यांची, उचलायला दोन माणसं लागावीत अशी. घंटी गेलेली, मडगार्ड वाजतंय, म्हणून घंटीची गरजच नाही. मागच्या चाकाला चाळीस तारा. अकरा वर्षं ती सायकल सिस्टरला आणि तिच्या पिशवीला घेऊन फिरली, एक तार तुटली नाही. मग यंदा दवाखान्याच्या साहेबांनी जुन्या सायकली भंगारात घातल्या आणि नव्या आणल्या. हलक्या, रंगीत, दिसायला फुलपाखरं. पहिल्याच महिन्यात सिस्टरच्या फुलपाखराची तार तुटली. मग दुसरी. मग तिसरी.

तिसरीच्या वेळी साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नाही. खुर्ची पुढं सरकवली, पण सरकवताना तिच्या चारी पायांकडं एकदा बघून घेतलं.

"ताई, तुमच्याच तब्येतीसाठी सांगतो," ते म्हणाले. "आता सायकल पुरे. आणखी एक तार तुटली तर मी तुम्हाला चिठ्ठ्यांच्या खिडकीवर घेतो. पंख्याखाली बसायचं. फेरी दुसरं कुणी करेल."

"साहेब, जुनी सायकल अकरा वर्षं टिकली. मी तेव्हाही एवढीच होते."

"वय वाढतं, ताई."

"माझं की तारांचं?"

साहेबांनी दुरुस्तीचा फॉर्म पुढं केला. मोडतोडीचं कारण या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'चालकाचे अतिवजन.' खाली सहीची जागा. सिस्टरनं सही केली. का केली, हे तिला नंतर कितीदा विचारावंसं वाटलं, पण विचारणार कुणाला? सही तिचीच होती.

खिडकी तिला माहीत होती. तिथं बसणाऱ्या बाईचं तोंड लोकांना दिसत नाही, भोकातून चिठ्ठी देणारा हात तेवढा दिसतो. इकडं फेरीत ती कुणाची ताबेदार नव्हती. कुठल्या घरी जखमेला वास येतोय, कुठली सून औषध लपवतेय, कुठला म्हातारा दुखत नाही म्हणतोय म्हणजे फार दुखतंय, हे सोळा वर्षांत तिच्या हाताला कळलेलं. ते खिडकीच्या भोकातून कसं देणार दुसऱ्याला?

म्हणून तिनं दुसरी वाट धरली. तिनं त्यांचं खरं मानलं. सकाळचं खाणं बंद केलं. चढ आला की उतरून चालू लागली. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिनं लेकराला चुकवावं तसा चुकवला. कालपासून तर पिशवीतल्या दोन औषधपाण्याच्या बाटल्यांपैकी एक दवाखान्यात ठेवू लागली, कापसाचा गठ्ठा अर्धा केला. नवरा म्हणाला, "अगं, चक्कर येऊन पडशील." ती म्हणाली, "पडले तर तेवढीच तारांना विश्रांती." नवऱ्याला हसावं की नाही कळेना, म्हणून तो ताटात बघत बसला.

आणि एवढं करून आज चौथी तार.

तार बदलून ती पुढं निघाली ती थेट शिंप्याकडं. शिंपी आता कपडे शिवत नव्हता, नडगीवरच्या जखमेनं त्याला खाटेला शिवून टाकलं होतं. त्याची पट्टी भिजवून भिजवून सोडवावी लागायची, नाहीतर नवं कातडं पट्टीबरोबर निघायचं. त्याला दोन बाटल्या लागायच्या. आज एकच होती, आणि तीही आधीच्या घरी अर्धी संपलेली.

"दुसरी कुठंय?" शिंप्यानं विचारलं.

"आज एवढ्यावर भागवू. ओझं झालं की सायकलीच्या तारा तुटतात."

"भागवू? तुझ्या सायकलीच्या तारा वाचवायला माझं कातडं सोलतेस? उलटी शिवण उसवतानासुद्धा मी हलक्या हातानं उसवायचो गं!"

पट्टी निघाली. तिच्याबरोबर पानाएवढं नवं कातडंही निघालं. शिंप्यानं उशीचं टोक दातात धरलं आणि मग सोडून एक अशी शिवी दिली की शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी मोठा केला. सिस्टरनं ती ऐकून घेतली. शिवी बरोबर जागी बसली होती. तीन आठवडे जखम भरत आणलेली, आणि एका बाटलीच्या वजनापायी आपणच ती उघडली. संध्याकाळी पुन्हा येते, दोन्ही बाटल्या घेऊन येते, असं सांगून ती निघाली. जिन्यात तिचे कान तापले होते.

दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत हत्यारं उकळत ठेवली होती. शेजारी काडी उभी होती. काडी म्हणजे दुसरी फिरती सिस्टर, नावाप्रमाणंच. वाऱ्याच्या दिवशी तिला पिशवीत दगड घालून पाठवावं अशी.

"ताई, डोळे लाल का?" काडीनं विचारलं.

"तार तुटली. चौथी. उद्यापासून खिडकी."

"तारेसाठी खिडकी?" काडी चिमट्यानं कात्री पाण्यात बुडवत म्हणाली. "माझ्या तर तीन तुटल्या की."

सिस्टर वळली. "तुझ्या?"

"हो. मागच्याच चाकाच्या. दुरुस्तीवाला म्हणाला, कंपनीनं मशीनवर चाकं भरलीत, तारा सैल आहेत, तुटणारच. बदलून दिल्या."

"आणि फॉर्म? कारणाचा रकाना?"

"रकान्यात 'झीज' लिहिलं साहेबांनी. का हो?"

सिस्टरनं गॅस बंद केला आणि तशीच बाहेर सायकलींपाशी गेली. खाली बसणं तिला सोपं नव्हतं, पण ती बसली, फरशीवर, पाय पसरून. पट्टी नीट बसलीय का हे बघायला ती वेढ्याखाली दोन बोटं घालायची. तशाच तिनं दोन-दोन तारा चिमटीत दाबल्या. एक टणक. पुढची दोरीसारखी लिबलिबीत. पुढची टणक. पुढच्या दोन लिबलिबीत. छत्तीस जणींचं ओझं पंधरा-वीस जणी ओढत होत्या, आणि बाकीच्या नुसत्या हजेरीला उभ्या. मग काडीची सायकल तपासली. तीच गत. फरक एवढाच की एकीवर चव्वेचाळीस किलोची बाई बसायची आणि दुसरीवर सिस्टर. दुरुस्तीवाल्यानं तुटलेली तार एकीला दाखवून कंपनीला नावं ठेवली, आणि दुसरीला दाखवून तिच्या जेवणाला. वड्याचं तेल वांग्यावर. आणि आपण, गाढवीनं, दोन महिने पोट मारलं.

दोन सायकली आणि एक काडी घेऊन ती दुकानावर गेली.

"दाब ही तार," ती दुरुस्तीवाल्याला म्हणाली. "ही. आता ही. काय लागतंय हाताला?"

त्यानं दाबल्या. इकडंतिकडं बघितलं. "सैल आहेत जरा."

"हिला सांगितलंस सैल आहेत. मला सांगितलंस दोन घास कमी कर. का?"

"आता, सिस्टर, खरं बोलू का? तुमच्या वजनाचाही भाग आहेच की त्यात."

"आहे! नाही कोण म्हणतंय? मला आरसा नाही का घरी? जड माणसाला चाक चांगलं आवळलेलं लागतं. मग आवळ ना! तुझं ते काम आहे. गिऱ्हाईक जड दिसलं की पाना उचलायचा, की बत्तिशी काढायची?"

पंक्चरवाले या खेपेला कुणी हसले नाहीत. दुरुस्तीवाला पुटपुटला, "सगळं चाक आवळून त्याचा आऊट, ही डगमग, काढायला तास जातो."

"जाऊ दे तास. मी बसते." आणि उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर ती बसली. डबा करकरला. तिनं दुरुस्तीवाल्याकडं बघितलं. त्यानं डोळे चाकावरून हलवले नाहीत. एकेक तार आवळत, चाक फिरवत, डगमग बघत त्यानं दोन्ही चाकं भरून दिली. काम येत होतं त्याला. हीच तर चीड होती.

साहेबांपुढं काडी बोलली. दोन वाक्यं. तारा सैल होत्या, माझ्याही तुटल्या. साहेबांनी लगेच मान हलवली. "अस्सं? मग कंपनीला लिहायला हवं."

"हेच मी तुम्हाला सांगत होते," सिस्टर म्हणाली. "जुनी सायकल अकरा वर्षं..."

"तेव्हा तुम्ही चिडून बोलत होतात, ताई."

"आणि आता मी काय ओव्या गातेय का? फरक काय झाला? मी बोलले तेव्हा कारण माझं वजन होतं, आणि ही चव्वेचाळीस किलो बोलली तेव्हा कारण कंपनी झाली. म्हणजे माझ्या तोंडाचा शब्दसुद्धा तुम्हाला जाड वाटतो काय?"

काडी फरशीकडं बघत होती. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा निघाला, खाली ठेवला. "खिडकीचं राहू द्या. फेरी तुमचीच. झालं समाधान?"

"नाही. तो फॉर्म काढा."

"तो फाइलला लागला."

"मग फाइल काढा."

फाइल आली. सिस्टरनं स्वतःची सही आडवी रेघ मारून खोडली, एवढ्या जोरानं की खालचा कागद फाटला. साहेबांनी नवीन फॉर्मवर लिहिलं, 'चाक सदोष.' तिनं ते दोनदा वाचलं. राग उतरेल असं तिला वाटलं होतं. नाही उतरला. दोन महिन्यांची भूक आणि शिंप्याचं कातडं कुठल्या रकान्यात लिहायचं?

तिनं दोन्ही बाटल्या भरल्या, कापसाचा अख्खा गठ्ठा कोंबला, पिशवी कॅरिअरला आवळली आणि निघाली. उशीर झाला होता. शिंप्याच्या आधी अजून एक घर होतं, हात भाजलेल्या बाईचं, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडता उघडता बाईची सासू म्हणाली, "किती वाट बघायची हो सिस्टर? कुठं होतात?"

"भांडत होते," सिस्टर म्हणाली. "सरका, उजेड सोडा. आणि हात धुवायला पाणी द्या."