दाजींची उदबत्ती

जगात जेवढे म्हणून रोग आहेत, जेवढी भांडणं आहेत आणि जेवढी पोरं गणितात नापास होतात, त्या सगळ्यांचं मूळ बंद खिडकीत आहे असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि नेमका तोच आमच्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. अक्काला बघायला आले तेव्हा आमचे हे दाजी साधे प्राथमिक शिक्षक होते. पोहे आले, अक्का आली, पण दाजींचं लक्ष भिंतीकडं. मध्येच ते उठले आणि आमच्या वडिलांनी कित्येक वर्षं न उघडलेली खिडकी त्यांनी दोन्ही हातांनी हिसका देऊन उघडली. बाहेर कठड्यावर निवांत बसलेली कोंबडी थेट पोह्यांच्या ताटात आली. गोंधळ शमल्यावर वडिलांनी विचारलं, 'मग, पोरगी पसंत हाय का?' दाजी म्हणाले, 'पोरगी पसंत हाय. खोलीला मात्र समोरासमोर खिडकी न्हाय.' वडिलांनी हा अपमान शेवटपर्यंत मनात ठेवला. लग्न मात्र लावून दिलं, आणि वर्षाच्या आत समोरची भिंत फोडून खिडकीही बसवली. विचारलं की सांगायचे, उजेडासाठी बसवली.

दाजींचं घराणं मोरगावकडचं. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, आणि वर्षातले आठ महिने माणसांनी मेंढरांसकट आभाळाखाली झोपायचं अशी रीत होती. त्यामुळं छप्पर ही दाजींच्या लेखी नाइलाजानं सोसायची गोष्ट. ते म्हणायचे, 'पाव्हणं, मेंढरू कोंडलं की खोकतं. पर ते बोलत न्हाय. शाळंतलं पोरगं बी बोलत न्हाय. ते नुसतं पेंगतं, आणि मग गुरुजी त्याला मारतो.' यात खोटं काही नव्हतं, हाच तर त्यांचा त्रास होता. त्यांच्याबरोबर बारामती-इंदापूर एस.टी.नं प्रवास करणं म्हणजे जानेवारीत विहिरीत उतरणं. गाडीत शिरले की पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत एकेक काच सरकवत जायचे. म्हाताऱ्या डोक्यावरून पदर घेऊन शिव्या द्यायच्या. कंडक्टर त्यांना ओळखून होता. तो आधी दाजींना तिकीट द्यायचा आणि मग पिशवीतून स्वतःचा मफलर काढून गुंडाळायचा.

पुढं ते बढती मिळून विस्तार अधिकारी झाले, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. बिऱ्हाड बारामतीत, शाळा इंदापूर तालुक्यातल्या. शाळा तपासणं हे काय काम असतं हे मी शिक्षक असल्यामुळं मला ठाऊक आहे. साहेबानं यावं, खुर्चीत बसावं, एका पोराला तेराचा पाढा विचारावा, त्याला तो येऊ नये, मग साहेबानं हळहळावं, जेवावं आणि शेरेबुकात 'प्रगती समाधानकारक' असं लिहून पिशवीत डाळिंबं घेऊन जावं. दाजींना यातलं काहीच जमलं नाही. त्यांच्या पिशवीत जातानाच सामान असायचं. तेलाची बाटली, पेचकस, जाळ्या घासायला टाकून दिलेला दातांचा ब्रश आणि उदबत्तीचा पुडा. परत येताना पिशवीत डाळिंबांऐवजी कोळ्याची जाळी असायची.

उदबत्ती हे त्यांचं मुख्य हत्यार. वर्गात शिरले की ते दारातच उभं राहून दीर्घ श्वास घ्यायचे. मग मधोमध फरशीवर एक पाटी ठेवायची, पाटीवर उदबत्ती लावायची आणि सगळ्यांनी गप्प राहून धूर बघायचा. धूर वाकून एखाद्या खिडकीकडं निघून गेला तर खोली पास. सरळ वर जाऊन छताखाली साचला तर नापास. मग त्या खोलीतल्या पोरांनी साठाचे पाढे उलटे म्हणून दाखवले तरी दाजींवर परिणाम होत नसे. लगेच पेचकस निघायचा. गंजलेल्या बिजागरीत तेल पडायचं, खिडकीला टेकवलेलं कपाट हलवलं जायचं, झरोक्याच्या जाळीवरची चार-पाच वर्षांची धूळ हेडमास्तरांच्या टोपीवर उतरायची. चिमणीचं घरटं सापडलं तर तेवढ्यापुरती तपासणी तहकूब व्हायची. अंड्यांची चौकशी करून दाजी पुढची तारीख द्यायचे.

एका गावात नवे हेडमास्तर आले होते. साहेबांनी वर्गात उदबत्ती लावलेली बघून त्यांनी पटकन चपला काढल्या आणि हात जोडले. हेडमास्तरांनी जोडले म्हणून पोरांनी जोडले, आणि एका हुशार पोरीनं प्रार्थना सुरू केली. दाजींनी धुराकडं बघत नुसतं 'गप' म्हटलं, तर सगळ्यांनी डोळेही मिटले. वर्षानं दाजी पुन्हा त्या शाळेत गेले तेव्हा तयारी जय्यत होती. वर्गाच्या मधोमध सारवलेलं, त्यावर रांगोळी, शेजारी नारळ, आणि साहेबांची उदबत्ती वाऱ्यानं विझू नये म्हणून खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या. सरपंच नारळ फोडायला हजर होते. दाजी त्या दिवशी न जेवता परत आले. अक्कानं विचारलं तर म्हणाले, 'देशात हवा हाय, पर आत घ्यायची तयारी न्हाय.'

बाकीच्या शाळा शहाण्या झाल्या. साहेब येणार कळलं की त्या दिवसापुरत्या खिडक्या उघडायच्या. दाजी खिडकीकडं बघतच नसत. ते झडप हळूच हलवून कुरकुर ऐकायचे. 'रोज उघडणारी खिडकी बोलत न्हाय गुरुजी. ही तर रडतीय.' मग गुरुजींनी फसवण्यासाठी बिजागऱ्यांत तेल घालायला सुरुवात केली. तेल घातल्यावर खिडकी बोटानं उघडू लागली, आणि बोटानं उघडते म्हणून पोरंच रोज उघडू लागली. मी दाजींना म्हटलं, तुम्हाला सगळे फसवतात. तर खूश होऊन म्हणाले, 'फसवू द्या की. तेल तर खरं हाय न्हवं?'

आता एवढ्या थोर माणसाच्या घरचं सांगतो. आमची अक्काही त्याच तालुक्यात शिक्षिका होती आणि तिची शाळा दाजींच्याच हद्दीत पडत होती. दाजी तत्त्वाचे. बायकोची शाळा नवऱ्यानं तपासली तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी स्वतः लेखी देऊन ती एकटी शाळा शेजारच्या साहेबांकडं सोपवली. ते साहेब चहाचे भोक्ते. हेडमास्तरांच्या खोलीत बसून त्यांनी सलग तीन वर्षं 'खेळती हवा : समाधानकारक' असा शेरा दिला. अक्काच्या वर्गात ते कधी डोकावलेही नाहीत. दाजीही नाहीत. सगळ्या तालुक्याच्या खिडक्या उघडत हिंडणारा हा माणूस स्वतःच्या बायकोचा वर्ग सोडून सगळीकडं पोचला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर दिव्यानंच लेखी अर्ज देऊन अंधार मागून घेतला होता.

अक्का खोकायला लागली तेव्हा आम्ही थंडी म्हटलं. मग दिवाळीला आली तर जिना चढताना दोनदा थांबली. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून दमा आहे असं सांगितलं आणि विचारलं, 'घरात कोंदट जागा आहे का?' दाजींना हा जन्माचा अपमान वाटला. आपल्या घराला किती खिडक्या आहेत, कुठल्या दिशेला आहेत, हे त्यांनी डॉक्टरांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. बाहेर पेशंट ताटकळले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'आणि दिवसभर कुठं असतात बाई?'

'शाळेत.'

'तिथं कसं आहे?'

दाजी मग म्हणाले, 'तितं समाधानकारक हाय. तसा शेरा हाय.'

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. मी म्हटलं, 'दाजी, आता तो शेरा उगाळून तिच्या छातीला लावा.' अक्का म्हणाली, 'गप रं.' दाजी म्हणाले, 'पाव्हणं, मी आज बायकोच्या शाळंत शिरलो तर उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्या गुरुजीला बोलू?' मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दाजींनी ते सगळं ऐकलं, घरी आल्यावर उघडीच असलेली खिडकी एकदा लावली आणि पुन्हा उघडली.

त्या आठवड्यात त्यांनी किरकोळ रजा टाकली. त्यांनी कधी रजा घेतल्याचं मला आठवत नव्हतं. मला म्हणाले, 'चला, सोबत पायजे.' अक्काच्या शाळेच्या दारात आम्हाला बघून हेडमास्तर धावत आले. 'साहेब, तपासणीचं काही कळवलं न्हाय?'

'साहेब घरी हाय,' दाजी म्हणाले. 'मी बाईंचा मालक. आत येऊ का?'

वर्गात जेमतेम चाळीस पोरं होती. एका भिंतीला, पोरांना महिन्याला वाटायच्या तांदळाची पोती खिडकीच्या वरपर्यंत रचलेली. समोरच्या भिंतीची खिडकी बंद, कारण बाहेरून शाळा समितीच्या अध्यक्षांनी कडब्याची गंजी तिला टेकवून रचली होती. फटीतून कडब्याचा भुसा आत गळत होता. उजेडाच्या तिरिपेत तो तरंगताना दिसत होता. दाजींनी सवयीनं पाटी मागितली, फरशीवर ठेवली, उदबत्ती लावली. धूर काठीसारखा वर गेला, पत्र्याखाली पसरला आणि तिथंच थांबला. मग हळूहळू खाली उतरायला लागला. फळ्यापाशी उभी असलेली अक्का खोकली. आधी पदर लावून खोकली, मग टेबल धरून, मग खाली बसली. तिचे खांदे वर-खाली होत होते आणि आवाज येत नव्हता. दोन वेण्यांची एक पोरगी कुणी न सांगता उठली, कोपऱ्यातला तांब्या आणून तिनं अक्काच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन लिहायला लागली. बाकीच्या पोरांनी मान वर करूनही बघितलं नाही. त्यांना हे रोजचं होतं.

दाजींनी जळती उदबत्ती चिमटीत धरून विझवली. अक्काला त्यांनी हाताला धरून बाहेर लिंबाखाली बसवलं. तिचा श्वास जाग्यावर येईपर्यंत ते तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले. मग आत येऊन पहिलं पोतं पाठीवर घेतलं. हेडमास्तर 'अवो साहेब, अवो साहेब' करत मागून फिरत होते. पोती त्यांच्याच खोलीत गेली. शेवटी चहाच्या टेबलाला जागा उरली नाही, हे बघून मला बरं वाटलं.

गंजीचे मालक, म्हणजे ते अध्यक्ष तात्या, आले. आधी म्हणाले, 'लेखी हुकूम हाय का?' दाजी म्हणाले, 'हुकूम न्हाय. बायकोला दम लागतोय तात्या.' तात्यांनी दारातून आत बघितलं. मघाची दोन वेण्यांची पोरगी समोरच होती. 'ही माजी नात,' ते म्हणाले. 'ही बी खोकती. आमी काढा देतोय तिला.' मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि पहिली पेंढी ओढली. आम्ही तिघांनी मिळून दुपारभर गंजी हलवली. दाजींच्या अंगावर भुसा, डोळे लाल, आणि मलाच खोकला यायला लागला. खिडकी उघडायला तेलाची अख्खी बाटली लागली. झडप सुटली तेव्हा पोरांच्या वह्यांची पानं एकदम फडफडली आणि वर्गात पहिल्यांदा आरडाओरडा झाला.

परतीच्या एस.टी.त दाजींनी काच उघडली नाही. अक्काच उघडून बसली होती. बारामती जवळ आल्यावर ते तिला म्हणाले, 'मेंढरू बोलत न्हाय म्हणून आमी त्याच्यावर नजर ठिवायचो. मला वाटलं, तू बोलशील.'

अक्का म्हणाली, 'तुमी विचारलं असतं तर बोलले असते.'

'चुकलं माझं,' दाजी म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं. तोपर्यंत सगळा प्रवास मी त्यांची खिल्ली उडवायची वाट बघत होतो. नंतर मी उठून माझ्या बाजूची काच उघडली.

दाजींनी पुन्हा कुठल्याच वर्गात उदबत्ती लावली नाही. अक्काच्या एका जुन्या पातळाचा दोरा काढून त्यांनी काडीला बांधला आणि पुढची सगळी नोकरी तो दोरा खिडकीत धरून हवा बघितली. नारळवाल्या गावाची फार निराशा झाली. अक्काचा दमा कमी झाला, पण गेला नाही. उशिरा उघडलेली खिडकी तेवढंच करू शकते.

आता दोघंही निवृत्त आहेत. मी संध्याकाळी जातो तेव्हा अक्का खिडकीशी बसून पेपर वाचत असते. तिच्या डोक्यावरच्या गजाला तो दोरा बांधलेला आहे, रंग उडून पांढरा झालेला. दाजींचे गुडघे गेलेत, तरी ते दर थोड्या वेळानं भिंत धरत उठतात, दोऱ्यापाशी जातात आणि दोरा हलतो की नाही ते बघत उभे राहतात. मी पाहिलं आहे, ते दोऱ्याकडं थोडं आणि अक्काच्या खांद्यांकडं जास्त बघतात. 'आता कुठली शाळा तपासताय दाजी?' असं मी विचारतो. अक्का पेपरातून मान वर न काढता म्हणते, 'हलतोय अवो, हलतोय. बसा आता खाली.' मग ते बसतात.