ओल्या फोमचा वास

माझं चाव्यांचं दुकान आणि उस्तादचं दुकान यांच्यात एकच भिंत, तीही पत्र्याची. इतक्या वर्षांच्या शेजारात माणूस एक तर भाऊ होतो, नाहीतर वैरी. उस्ताद माझा भाऊ झाला, आणि भावाशी भांडावं तसा मी त्याच्याशी रोज भांडतो. त्याच्याबद्दल मी गोडगोड लिहीन अशी आशा कोणी धरू नये.

उस्ताद गाड्यांच्या सीट शिवतो. फाटलेलं रेक्झिन, दबलेला फोम, काहीही आणून टाका. त्याची शिवण शोधून सापडत नाही. जन्मभर लोकांच्या गाड्या सजवल्या आणि स्वतः फिरला सायकलवर. पंगतीत वाढून उपाशी घरी येणारा माणूस तू, असं मी म्हणायचो. तो हसायचा आणि दाभणात दोरा ओवायचा.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून वहिनी काठी घेऊन चालतात, बसची पायरी त्यांना चढवत नाही. त्यांची थोरली बहीण दूरच्या गावी असायची. आई लवकर गेली, तेव्हा त्या बहिणीनंच वहिनींना लहानाचं मोठं केलं होतं. गेल्या वर्षी बहिणीनं अंथरूण धरलं. वहिनी म्हणाल्या, टॅक्सी करू आणि एकदा भेटून येऊ. सरळ गोष्ट होती. पण सरळ गोष्ट सरळ करील तर तो उस्ताद कसला? बायकोला भाड्याच्या गाडीतून कशाला, आपल्या गाडीतून नेऊ, एकदा काय, दर आठवड्याला नेऊ, असं त्याच्या मनानं घेतलं. होतं नव्हतं ते सगळं घेऊन तो जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेला. मला विचारलं नाही. मी मोडता घातला असता हे त्याला ठाऊक होतं.

गाडी दिसायला छानच होती. करडा रंग, काचा लख्ख, आरशाला अत्तराची बाटली टांगलेली. उस्तादनं सगळ्या सीट उपटून काढल्या आणि आठवडाभर दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. पुढची सीट त्यानं वहिनींच्या बेतानं उंच केली, बसताना खुबा दुमडू नये म्हणून कडेला उतार दिला. मापं घेताना वहिनी लाजत होत्या. या वयात मापं कसली घेता, म्हणत होत्या. मी तिथंच उभा होतो आणि मलाही त्या दिवशी उस्तादचा हेवा वाटला.

बहिणीकडे जायला निघाले त्या दिवशी अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली. नुसतं इंजिन नाही, सगळंच गेलं. काचा खाली होईनात, हॉर्न वाजेना. दोन्हीकडे शेतं, मधे रस्ता आणि त्यावर ही दोघं. भाच्याचा फोन आला, की आई सारखी विचारतेय, धाकटी कुठवर आली? वहिनी सांगत राहिल्या, आलेच, निघालेय. एक ट्रकवाला थांबला, पण ट्रकमध्ये वहिनी चढणार कशा? उस्तादनं त्यांना उचलून बघितलं, दोघंही पडता पडता राहिली. शेवटी पुढच्या गावाहून टॅक्सी आली. ती येण्याआधी भाच्याचा आणखी एक फोन आला होता. वहिनी पोचल्या तेव्हा बहिणीचं तोंड झाकलेलं होतं.

मेकॅनिकनं गाडीचा पुढचा भाग उघडला, तर तारांच्या जुडग्यात वाळलेला चिखल. गाडी पुरात बुडून वर आलेली होती. आम्ही विकणाऱ्याकडे गेलो. खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिलं आणि मग त्यानं पावतीवरची ओळ दाखवली, की गाडी आहे त्या स्थितीत विकली. मी तिथं जो आवाज चढवला तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल, पण त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. पुरात तुम्हीच घातली असेल, म्हणाला.

उस्ताद तर नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता. वहिनी बसल्या नाहीत. ग्राहक न्यायालयात तक्रार त्यांनीच करायला लावली. प्रत्येक तारखेला काठी टेकत हजर. माझी बहीण माझी वाट बघत गेली, त्या माणसाला एकदा सगळ्यांसमोर कबूल करू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आमच्या वकीलबाई हुशार होत्या. "आहे त्या स्थितीत" लिहिलं म्हणजे खोटं बोलायचा परवाना मिळत नाही, विकणाऱ्याला माहीत असलेला दोष त्याला लपवता येत नाही, हे त्यांनी आम्हाला समजावलं. न्यायालयानं नेमलेल्या जाणकारालाही चिखल सापडला. उस्तादला वकीलबाईंनी एकच बजावलं होतं, की वासाचं विचारलं तर आठवत नाही म्हणा.

आणि उस्तादच्या साक्षीत समोरच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं. इतकी वर्षं सीट शिवता, भिजलेल्या फोमचा वास तुम्हाला आला नाही?

उस्तादनं न्यायालयाच्या अध्यक्षांकडे बघितलंच नाही. तो वहिनींकडे बघत होता.

"आला होता," तो म्हणाला. "तो वास मला झोपेतही ओळखू येईल. मी ह्या गाडी विकणाऱ्यांना विचारलं, गाडीला पाणी लागलंय का? हे म्हणाले, एक रात्र काच उघडी राहिली होती. मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मानलं."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. पण अध्यक्ष बाई म्हणाल्या, गिऱ्हाइकानं सरळ विचारलं आणि त्याला खोटं उत्तर मिळालं, आणखी काय करायला हवं होतं त्यानं? निकाल आमच्या बाजूनं लागला. गाडी परत, पैसे परत, वर मनस्तापाची भरपाई. पण साक्षीच्या त्या दिवशी घरी येताना वहिनी मी यंदाच घेतलेल्या गाडीत पुढं माझ्याशेजारी बसल्या आणि उस्ताद मागं माझ्या हत्यारांच्या पेट्यांमध्ये.

निकालाचा कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी विचारलं, त्यानं खोटं सांगितलं." मग उस्तादकडे वळल्या. "गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा मीही तुम्हाला विचारलं होतं, हा वास कसला. तुम्ही काय म्हणालात?"

उस्तादनं निकालाचा कागद उचलून त्याची घडी घातली.

"नव्या रेक्झिनचा," वहिनीच म्हणाल्या. "तो दुकानदार परका होता हो."

एवढं बोलून त्या काठी घेऊन आत गेल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्या घरात आता चहा वेळेवर होतो, कपडे धुतले जातात, लाईटचं बिल भरलंय का हेही विचारलं जातं. बाकी काही बोललं जात नाही. न्यायालयात उस्तादनं खरं सांगितलं ते वहिनींसाठीच, हे मला कळतं. त्यांनाही कळत असेल. कळून उपयोग काय, बहीण गेली ती गेलीच.

काल दुपारी तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. बराच वेळ कुलपं चाळवत होता. मग विचारलं, "होईल का रे ती पहिल्यासारखी?"

होईल, असं अगदी ओठावर आलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळून टाकलं.

"मला नाही वाटत," मी म्हणालो.

तो रडायला लागला. रस्त्यावरून कोणाला दिसू नये म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिलो.