ताईंचं कडवं

गेल्या रविवारी दिंडोरीला आमच्या गौरीचं लग्न झालं. फोटो सगळ्यांनी टाकलेत, छानच आलेत... मी आज जे लिहितेय, ते मात्र त्यातल्या एकाही फोटोत नाही.

गौरी माझी पुतणी, मोठ्या जाऊबाईंची एकुलती एक लेक. जाऊबाईंना मी ताई म्हणते. मंगलाष्टकं घरच्यांच्याच आवाजात हवीत असा गौरीचा हट्ट, आणि मला गाण्याची आणि घरी रेकॉर्डिंग करण्याची हौस... ते काम आपसूक माझ्याकडे आलं.

माझा स्टुडिओ म्हणजे देवळाली कॅम्पातल्या फ्लॅटची बेडरूम. आवाज घुमू नये म्हणून साड्यांचं कपाट सताड उघडायचं, खिडकीला दुलई लावायची, पंखा बंद, घामाच्या धारा... एवढं करून कधी शेजारच्या कुकरची शिट्टी घुसते, कधी लष्कराचा तोफांचा सराव सुरू होतो. पण हेडफोनमध्ये तानपुऱ्यावर आपलाच आवाज ऐकला ना, की सगळं विसरायला होतं.

आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नसतं, बाजूला जाऊन तुळशीला पाणी घालायचं असतं. म्हणून ताई म्हणाल्या, "एक कडवं माझ्याकडून म्हणून घे. मी नाय तर माझा आवाज तरी राहील तिच्यापाशी." शब्द त्यांनीच जुळवले होते. द्राक्षाच्या बागेतलं काम टाकून बसने आल्या बिचाऱ्या.

कपाटासमोर बसवलं. आवाज चांगला लागला होता, पण 'गौरी' या नावावर आलं की सूर खाली उतरायचा. परत घेतलं, परत तेच... शेवटी "झालं ताई, छान झालं" म्हणून मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रॅक बंद केला आणि ते कडवं स्वतःच म्हटलं. मुलाकडची माणसं ऐकणार, रेकॉर्डिंग कुणी केलं म्हणून विचारणार... लग्नाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येतंय! कुणाला विचारलंही नाही मी.

लग्नाच्या दिवशी ताईंच्या सोबतीला लॉनच्या मागे, तुळशीपाशी, मीच होते. स्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली. ताई हळूहळू पाणी घालत होत्या... आणि त्यांचं कडवं आलं तसा हातातला तांब्या थांबला.

स्पीकरमधून माझा आवाज आला. स्वच्छ, सुरेल... मला तो ऐकवेना. ताई कडवं संपेपर्यंत तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. 'सावधान' झालं, तिकडे अक्षता पडल्या, मग त्यांनी उरलेलं पाणी घातलं.

माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "लय बेसूर झालं व्हतं का गं माझं?"

तेव्हा तरी खरं बोलायचं ना... मी म्हटलं, "नाही ताई, मध्येच कुकरची शिट्टी आली होती."

"मंग सांगायचं ना. परत आले असते की मी."

तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

नशीब, ट्रॅक नुसता बंद केला होता, पुसला नव्हता. काल तो ऐकला. शिट्टी नाही, तोफ नाही, काहीच नाही... फक्त लेकीचं नाव घेताना आईचा आवाज हलतोय. इतकी वर्षं गातेय मी, आणि मला तो बेसूर वाटला.

आज सकाळी ताईंना फोन करून सगळं सांगितलं, कुकरचं खोटंसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "ते पोरीला धाडून दे" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला... चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

गौरी, पाठवलंय बघ. काही कापलेलं नाही, काही सुधारलेलं नाही. अक्षता पडत असताना ते तुझ्या कानावर पडायला हवं होतं... ते आता माझ्याच्याने होणार नाही.