मागच्या भिंतीशी बसणारी मुलं

११ जानेवारी, रविवार. मेथीच्या जुड्या निवडायला घेतल्या होत्या. तेवढ्यात वस्तीतली एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिची थोरली मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात. बस म्हटलं तर बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "अक्का, उद्यापासून पोरगी शाळेत येणार नाही."

"का गं?"

"धाकटीला कुठे ठेवू? मी साडेसहाला टॉवरमध्ये कामाला जाते. तुमच्या मोठ्या बाईंनी सांगितलं ना, भावंडं आणायची नाहीत."

मी तिला खाली बसवलं आणि एक जुडी हातात दिली. हात चालू असले की बोलणं सोपं जातं.

आमची शाळा मुलुंडच्या डोंगराला टेकून आहे. डोंगराची एक बाजू आमच्याच वडार लोकांनी फोडली. त्या खडीवर मुंबईचे रस्ते झाले. तेलंगणातल्या पालमूरकडून, गुलबर्गा, सोलापूरकडून जोडपी खाणीवर आली ती पोरं काखेत घेऊन. म्हातारी माणसं गावीच राहिली. मग आईबाप खाणीत गेले की तान्ह्याला सांभाळणार थोरली मुलगी, आणि थोरलीला शाळेत घालायचं तर तान्हंही तिच्याबरोबर. तेव्हाच्या बाईंनी फार विचार केला असेल किंवा नसेलही. त्यांनी वर्गात मागच्या भिंतीशी पोती अंथरली आणि भावंडांना बसू दिलं. तेव्हापासून ती पद्धतच पडली.

मी स्वतः तिथे दोन वर्षं बसले. घरी आम्ही वडारी बोलायचो, तेलुगूच्या जवळची. मराठी माझ्या कानावर पहिल्यांदा पडली ती त्या पोत्यावर, ताईच्या वर्गातल्या कविता आणि पाढ्यांतून. पहिलीत नाव घातलं तेव्हा "पाटी काढा" म्हटलं की मी पाटी काढत होते. मागे न बसता थेट पहिलीत आलेली आमच्यातलीच मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी गळायची.

खाण बंद पडून बरीच वर्षं झाली. खड्ड्यात पाणी साचलंय, पलीकडे टॉवर उभे आहेत आणि खडी वाहणाऱ्यांच्या सुना-लेकी तिथे भांडी घासतात. आज्या आता इथेच असतात, पण त्याही कामावर जातात. म्हणून मागची भिंत अजून लागते.

दिवाळीनंतर बदलून आलेल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नाहीत. शौचालयाचे नळ त्यांनी आल्या आल्या दुरुस्त करून घेतले. पण शुक्रवारी त्या माझ्या वर्गात आल्या तेव्हा हीच धाकटी भिंतीशी बसून खडू चाटत होती.

"बाई, हा वर्ग आहे की पाळणाघर?"

"दोन्ही. पहिल्यापासून."

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. सोमवारपासून हे बंद. बालवाडीत घाला म्हणावं."

"बालवाडी दहाला उघडते. आपली शाळा सातला."

"तो पालकांचा प्रश्न आहे."

इथे माझं डोकं फिरलं. पालकांनी तो प्रश्न केव्हाच सोडवला होता. आपणच तो पुन्हा उभा करत होतो. तसं मी म्हटलंही. त्या घड्याळाकडे बघत निघून गेल्या आणि शाळा सुटताना फाटकावर मुलींना स्वतः ताकीद दिली.

आता ही बाई मेथीची पानं खुडता खुडता म्हणाली, "जाऊ दे अक्का. नाव लिहिता येतं तिला. मला तर तेही येत नाही."

"तिला भागाकार येतो. वर्गात सगळ्यांच्या आधी येतो. आणि धाकटीचं काय? ती मराठी कुठून शिकणार, टीव्हीवरून?"

"टीव्ही ती हिंदी बघते," म्हणाली आणि हसली. मग हसू गेलं. "तुमच्या नोकरीचं काही होईल ना पण."

"पोरीने खडू खाल्ला म्हणून कुणाची नोकरी जात नाही. सकाळी कामावर जाताना दोघींना माझ्याकडे सोड."

"मोठ्या बाई ओरडतील."

"ओरडू दे. ते ऐकायचाही पगार मिळतो मला."

ती गेल्यावर मी एक गोष्ट ठरवली: लपवाछपवी करायची नाही. धाकटीला मागच्या जिन्याने नेलं असतं तर आपलंच चुकतंय हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

सोमवारी सकाळी धाकटीला काखेत घेतलं, थोरलीला पुढे घातलं आणि मोठ्या फाटकातून आत गेले. आम्हाला बघून आणखी दोघी आपापली भावंडं घेऊन मागोमाग आल्या. मोठ्या बाई व्हरांड्यातच उभ्या होत्या.

"मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं. तपासणीला साहेब आले की ही मुलं मीच त्यांना दाखवणार आहे. त्याआधी काढायची असतील तर तुम्ही उचलून घरी पोचवा. घरांना कुलपं आहेत."

त्या बाजूला झाल्या नाहीत. मी त्यांना वळसा घालून वर्गात गेले, तिन्ही पोरांना भिंतीशी बसवलं, हजेरी घेतली आणि फळ्यावर भागाकाराचं उदाहरण लिहायला लागले.